ब्रॉयलरसाठी प्रोबायोटिक: पाण्यातली पावडर घ्यावी की खाद्यातली?

पोल्ट्रीच्या औषध दुकानात प्रोबायोटिक (आतड्यासाठी चांगले जिवंत जंतू) मुख्यतः दोन प्रकारांत मिळते: पाण्यातून द्यायची लॅक्टोबॅसिलस-यीस्टची पावडर आणि खाद्यात मिसळायचे बॅसिलस सबटिलिस या जंतूचे बीजाणू (कठीण कवचातले सुप्त रूप). स्वतः खाद्य बनवत असाल तर दुसरेच घ्या. पेलेट मिलच्या (खाद्याच्या गोळ्या पाडणाऱ्या यंत्राच्या) 80-85 अंशांत लॅक्टोबॅसिलस मरतो, बीजाणू तग धरतात. करारावर पक्षी सांभाळणाऱ्यांकडे खाद्य कंपनीच्या बंद पोत्यांतून येते, त्यांना पावडरच सोयीची.

पावडर चांगली आहे, पण नखरेल. क्लोरीनच्या पाण्यात टाकली की पैसेही पाण्यात. टाकीतले सॅनिटायझर आदल्या दिवशीच बंद करा. पाणी 3-4 तासांत संपेल एवढेच घ्या. सातव्या दिवशी हजार पिल्ले दिवसभरात साधारण 60-70 लिटर पितात, म्हणजे एका वेळी 10-12 लिटर पुरे. निपल लाइनमधून (चोचीने दाबून पाणी प्यायच्या तोट्यांच्या पाइपातून) दिली तर पावडरीतल्या साखरेमुळे पाइपात बुळबुळीत थर धरतो आणि निपल अडकतात. नंतर लाइन जोरात धुवावी लागते. पहिल्या आठवड्यात चिक ड्रिंकर (पिल्लांचे पाण्याचे भांडे) बरा.

फायदा दिसतो तो पिल्लांच्या पहिल्या 3-5 दिवसांत दिली तर. हॅचरीतल्या पिल्लाला कोंबडीकडून चांगले जंतू मिळत नाहीत, आतड्यातली मोकळी जागा ई. कोलायने बळकावण्याआधी ती भरायची असते. अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावरही द्यावी, कोर्स चालू असताना नको. खाद्यात एनरामायसिन किंवा बीएमडी ही अँटिबायोटिके असतील तर बॅसिलसही दबू शकतो, त्यामुळे पोत्यावरचे लेबल वाचाच.

पाकिटावर जंतूंची नावे आणि दर ग्रॅमचे सीएफयू (जिवंत जंतूंची मोजणी) हवेत, तेही मुदत संपेपर्यंत टिकणारे. बॅसिलससाठी किलोभर खाद्यात 10 ते 100 कोटी सीएफयू पडावेत. ग्रॅमला 200 कोटींचे बॅसिलसचे बीजाणू टनाला 500 ग्रॅम घातले की किलोला 100 कोटी होतात. आकडाच नसलेले पाकीट कितीही चकचकीत असो, घेऊ नका.

'रोगप्रतिकारशक्ती वाढवते' हा दावा जपून वाचावा. आतड्याचे अस्तर धड राहते आणि तिथली प्रतिकारशक्ती नीट काम करते, इतपत खरे. पण मानमोडी किंवा गंबोरोची लस चुकली तर ही पावडर पक्षी वाचवत नाही. ब्रूडिंगमधला (पिल्लांना ऊब द्यायच्या दिवसांतला) गारठा, ओले लिटर (शेडमधली भुशाची गादी) आणि अमोनिया यांवरही तिचा इलाज नाही. विष्ठेत रक्त दिसले तर कॉक्सीचा (आतड्यातल्या परजीवीच्या रोगाचा) संशय घ्या, प्रोबायोटिकचा डोस वाढवत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.