ई-कोर्ट्स ॲप: तारीख बघायला उत्तम, निकाल वाचायला जपून

फौजदारी केसची पुढची तारीख घरबसल्या बघायची तर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपला तोड नाही. फुकट आहे, आणि सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हाताशी असला की काम मिनिटात होतं. हा नंबर 16 अक्षरा-आकड्यांचा: राज्य, जिल्हा, कोर्टाचा कोड, सहा आकडी क्रमांक आणि शेवटी वर्ष. मध्ये रेघ किंवा जागा सोडायची नाही. नंबर नसेल तर पोलीस ठाणं, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकून शोधा. नावाने शोधताना स्पेलिंग घात करतं, म्हणून नुसतं आडनाव टाकलेलं बरं.

घोळ होतो तो 'डिस्पोज्ड' या शेऱ्यापाशी. एफआयआर झाला म्हणजे कोर्टात खटला उभा राहिला असं नव्हे. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत दिसतो तो बहुधा जामीन अर्ज, आणि त्याला स्वतःचा वेगळा सीएनआर असतो. तिथे 'डिस्पोज्ड' म्हणजे फक्त अर्ज निकाली निघाला. जामीन मिळाला की फेटाळला, हे ऑर्डर उघडल्यावरच कळतं. खुनाच्या केसमध्ये तर आणखी गंमत. मॅजिस्ट्रेट ती सत्र न्यायालयाकडे पाठवतात, की इकडची आरसीसी (मॅजिस्ट्रेटकडची नियमित फौजदारी केस) 'डिस्पोज्ड' होते आणि खटला तिकडे नव्या नंबरने सुरू होतो. म्हणून निकालाचं स्वरूप हा रकाना वाचायचाच. 'कमिटेड' म्हणजे वर पाठवली. 'डिस्चार्ज्ड' म्हणजे आरोपनिश्चितीआधीच दोषमुक्त, 'ॲक्विटेड' म्हणजे खटला चालून निर्दोष मुक्तता. दोन्हींत आरोपी सुटतो, पण दोषमुक्ती हा खटल्याचा निकाल नसतो. नवा पुरावा आला तर तो पुन्हा आरोपी होऊ शकतो.

कलम बघताना शेजारचं कायद्याचं नावही बघा. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. तिच्यात खुनाची शिक्षा कलम 103 मध्ये आहे. 302 आता धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांसाठी आहे. आणि 420 शोधूच नका, संहिता 358 कलमांतच संपते.

सुनावणीच्या तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशीचं कामकाज उघडतं. ते बहुतेक वेळा एका ओळीचं असतं, पण साक्षीदार हजर होता की नाही एवढं समजतं. ॲपवरच्या ऑर्डरची प्रिंट माहितीपुरती धरा. अपिलासाठी नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रतच काढावी लागते.