टिकेट टू राइड : चार भिडूंचा डाव

मित्र जमलेत, त्यातल्या दोघांची मजल लुडो-कॅरमपुढे गेलेली नाही, अशा रात्री पहिला डाव ‘टिकेट टू राइड’चाच लावावा. अ‍ॅलन मूनचा हा नकाशावर रेल्वेमार्ग जोडत जायचा पटावरचा खेळ 2004 चा, आणि त्याच वर्षी त्याने जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार पटकावला. नियम पाच मिनिटांत सांगून होतात. आपल्या पाळीला रंगीत पत्ते उचलायचे, मार्गाच्या रंगाचे पत्ते देऊन दोन शहरांमधला एखादा मार्ग आपल्या डब्यांनी व्यापायचा किंवा नवी तिकिटं घ्यायची, तिन्हींपैकी एकच. प्रत्येकाला रेल्वेचे 45 डबे मिळतात. कुणाकडे दोन किंवा कमी डबे उरले की त्याच्यासकट सगळ्यांना शेवटची एकेक पाळी.

खरी गंमत तिकिटांत आहे. तिकीट म्हणजे कोणती दोन शहरं जोडायची आणि त्याचे किती गुण, ते सांगणारा पत्ता. तिकीट पुरं झालं नाही तर तेवढेच गुण वजा होतात, म्हणजे 22 गुणांचं सिअ‍ॅटल–न्यूयॉर्क फसलं की फरक 44 चा! तरी लांब तिकिटाला घाबरू नये. एका डब्याच्या मार्गाला 1 गुण, सहा डब्यांच्या मार्गाला तब्बल 15. लॉस एंजेलिस–मायामी हे 20 गुणांचं तिकीट दक्षिणेकडून नेऊन पाहा. एल पासोपर्यंत सहा काळे, ह्यूस्टनपर्यंत सहा हिरवे, न्यू ऑर्लीन्सपर्यंत कोणत्याही एका रंगाचे दोन, शेवटी सहा लाल. वीस डब्यांत मार्गांचे 47 आणि तिकिटाचे 20, एकूण 67. यातला ह्यूस्टन–न्यू ऑर्लीन्स हा दोन डब्यांचा तुकडा आधी घ्या. तो एकेरी आहे (शेजारी जोडमार्ग नाही), स्वस्त आहे, म्हणून पटकन जातो. नवखे भिडू नेमके सहाचे पत्ते जमवत बसतात आणि इथेच अडकतात. शिवाय प्रत्येक रंगाचे पत्ते बाराच. दोघं काळ्यामागे लागले की दोघांचंही घोडं अडतं.

नियमांत हमखास होणारी चूक जोकरची, म्हणजे कोणत्याही रंगाऐवजी चालणाऱ्या इंजिनाच्या पत्त्याची. उघडा जोकर उचलला की पाळी संपली, दुसरा पत्ता नाही. गठ्ठ्यातून न बघता आला तर मात्र चालतो. दुसरी चूक दुहेरी मार्गांची, म्हणजे त्याच दोन शहरांमधल्या शेजारी-शेजारी मार्गांची: दोघं-तिघं खेळत असतील तर त्यातला एकच वापरायचा. हे विसरलं की पट मोकळा पडतो आणि डावात चुरसच राहत नाही. गुणांची सोंगटी गप्पांच्या नादात पुढे-मागे होतेच, म्हणून शेवटी मार्ग पुन्हा मोजून घ्या.

पाच जणांत पट फार दाटतो, दोघांत सैल पडतो. चार उत्तम. पट पाऊण मीटरहून लांब आहे, तेव्हा टीपॉयपेक्षा सतरंजी बरी. (चिवड्याची वाटी लांब ठेवा. तेलकट बोटांनी पिसलेले पत्ते पुढच्या डावाला चिकटतात.)

मूळ खेळाला सरावलात की 1911 च्या भारताचा पट बघावा. त्यात तिकिटावरची दोन गावं दोन वेगळ्या वाटांनी जोडली की जादा गुण मिळतात. तो फक्त चौघांपर्यंतच खेळता येतो. डबे आणि पत्ते त्यासोबत येत नाहीत, त्यामुळे मूळ पेटी आधी घ्यावी लागते.