लॉनवर ४० एमएमचं आर्टिफिशियल गवत : एक लग्नसराई आणि एक पावसाळा काढल्यावर

मागच्या दिवाळीच्या सुमारास टाकलं, आता परत पाऊस उघडला, म्हणून लिहून टाकतो. आपल्याकडचे बरेच लॉनवाले, ढाबेवाले सध्या हेच करायच्या तयारीत आहेत आणि डीलर त्यांना जे सांगतायत तेच मलाही सांगितलं होतं.

स्पेक सगळ्यांना माहीत आहेत, ४० एमएम म्हणजे पात्याची उंची, दोन मीटर रुंदीचा रोल, खाली छिद्राचं काळं बॅकिंग, वरून पात्यांत भरलेली सिलिका सँड म्हणजे बारीक वाळू. आमचं लग्नाचं लॉन देवळीच्या पुढं, यवतमाळ रोडला. खरं गवत आमच्याकडं मे महिन्यात टिकत नाही, बोअर आटते आणि लग्नं नेमकी तेव्हाच, आणि गावात बाया गुंड घेऊन टँकरची वाट पाहत असताना गवतावर पाणी सोडणं मला पटत नाही. त्यामुळं आर्टिफिशियल घ्यायचं हे ठरलेलंच होतं.

आधी दोन रोलमधल्या जोडाचं सांगतो कारण भांडण त्याच्यावरूनच झालं. फेब्रुवारीत स्टेजच्या वाटेवरचा जोड सुटून वर आला आणि नवरीकडची एक बाई त्यात चप्पल अडकून पडली. डीलरला फोन केला तर म्हणे वॉरंटी रंगाची आहे, उन्हानं गवत पांढरं पडलं तर बोला, जोड हे लेबरचं काम आणि लेबर आमचं नाही. अरे, माणसं तुम्हीच पाठवली, पैसे तुमच्याच बिलात दिले! वर दुरुस्तीचे नवे पैसे मागितले, मी दिले नाहीत, देणारही नाही. तेव्हा मी सगळ्यांना मालच हलका आहे म्हणून सांगत होतो.

मग गावातल्या एका पोरानं, सोफ्याचं काम करतो तो, जोड उचलून दाखवला. "दादा, हा गोंद पाण्यानं फुगला हाय, पहा नं." खरंच, जोडाखालच्या टेपवरचा गोंद स्पंजासारखा पोकळ झालेला. हा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा गोंद सुकायच्या आधी त्याला ओल लागली की फेसाळतो आणि पकड सोडतो. मग आम्ही एकेक जोड तपासत गेलो. दुपारी लावलेले जोड आजही हलत नाहीत, सुटले ते सगळे रात्री हॅलोजन लावून केलेले, कारण तुळशीच्या लग्नानंतरची पहिलीच तारीख बुक होती, ठेकेदार उशिरा आला आणि त्याला पुढच्या साइटवर पळायचं होतं. कोजागिरीनंतर आपल्याकडं दहिवर किती पडतं हे वावरात जाणाऱ्या कोणालाही विचारा, सकाळी कपाशीत शिरलं की पँट मांडीपर्यंत ओली होते. तेच दहिवर ओल्या गोंदावर पडलं. म्हणजे माल बरोबर होता, लावायची वेळ चुकली. पाऊस संपल्यावर काम करायचं हे ठीकच आहे, मुरूम बसलेला असतो, ऊन मध्यम असतं, पण गोंद सकाळी दहानंतर लावायचा आणि चारला थांबायचं.

गवताखालच्या बेसबद्दल एवढंच की डीलरच्या चार इंच गिट्टीवर जाऊ नका. आम्ही आधीच्या उन्हाळ्यात काळी माती दीड फूट काढून मुरूम, गिट्टी, वर दगडाची चुरी, असं थराथरानं पाणी मारून रोलर फिरवला आणि दोन्ही बाजूंना उतार दिला, मग पावसाळाभर बसू दिलं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगेत हात जातो. ऑक्टोबरात वरून कडक लागते पण आत पाणी असतंच, तिच्यावर थेट पसरलेल्या गवताला मार्चपासून लाटा येतात. आमच्याकडं एकही लाट नाही आणि यंदाच्या पावसात पाणीही तुंबलं नाही.

आता ज्यानं मला वर्षभर सतावलं ते. अक्षता.

तांदूळ असो की रंगवलेली ज्वारी, ४० एमएमच्या गवतात दाणा पडला की थेट तळाला वाळूत जाऊन बसतो. खराट्यानं निघत नाही, ब्लोअरनं कागद आणि फुलं उडतात दाणा नाही, व्हॅक्युम लावला तर दाण्यासोबत वाळू ओढतो आणि ती वाळू मी विकत घेतलेली आहे. मग मुंग्या, मग उंदीर. आणि अवकाळी झाला तेव्हा ज्वारी उगवली! स्टेजसमोर कोंबच कोंब, मुळं बॅकिंगच्या छिद्रातून खाली गेलेली, मजूर बाया लावून एकेक उपटून काढलं, हिरव्यात हिरवं ओळखू येत नाही म्हणून मजुरी दुप्पट. डीलर म्हणतो अक्षता टाकू देऊ नका. लग्नाच्या लॉनवर अक्षता टाकू देऊ नका! ४० एमएम त्यानं प्रीमियम म्हणून गळ्यात मारलं, ते बंगल्याच्या गच्चीवर शोभतं. जिथं जेवणं आणि मंगलाष्टकं होतात तिथं २५ एमएमच घ्या, स्वस्तही पडतं, झाडूही तळापर्यंत पोचतो, आणि खुर्च्यांखाली एवढं दबून बसत नाही. सध्या आम्ही मंगलाष्टकांपुरती स्टेजसमोर बिछायत टाकतो आणि लग्न लागलं की चार कोपरे धरून उचलतो, तरी मागच्या रांगांतून फेकलेलं जातंच.

उन्हाचं म्हणाल तर पारा ४५ च्या वर गेला की दुपारी यावर अनवाणी उभं राहता येत नाही, बाराच्या मुहूर्ताला पाणी मारावं लागतं आणि थोड्या वेळात परत तापतं. पण संध्याकाळी मला फार समाधान मिळालं. सूर्य बुडाला की हे लवकर थंड होतं, शेजारची पेव्हर ब्लॉकची पार्किंग रात्री जेवणाच्या वेळेलाही गरम असते आणि इकडं लहान पोरं लोळत असतात. मठ्ठा पाइपनं जातो, हळदीचा डाग काही दिवसांच्या उन्हानं आपोआप उडतो. बिडीचं थोटूक मात्र भोक पाडतं, तेवढा तुकडा बदलावा लागतो.

यंदा जेवणाची बाजू करतोय, २५ एमएम, त्याच डीलरचा माल पण लावणार गावातलाच तो सोफ्यावाला पोरगा, दुपारीच, आणि रात्री वर ताडपत्री. स्टेजसमोरचं ४० एमएम पैसे गेलेत म्हणून आणखी काही सीझन वापरावंच लागेल. वाळू न ओढता दाणे तेवढे काढणारं मशीन कोणी वापरलं असेल तर कृपया सांगा, भाड्यानं मिळत असेल तर आणखी बरं.