ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नावाने गळ्यात मारलेली सहा बटणं

अण्णांची पंचाहत्तरी जवळ आली होती. त्यांच्यासाठी मी इथे इंग्लंडमध्ये सहा जुनी बटणं घेतली, १८० पौंडांना. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नोकरांच्या कोटावरची म्हणून ती मला विकली गेली. ती त्याच्या घरची नव्हती. जुन्या वस्तूंच्या बाजारात जाणाऱ्या आपल्या लोकांनी माझ्यासारखं फसू नये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

अण्णा जालन्याला इतिहास शिकवायचे. मी सातवीत असताना त्यांनी मला एसटीने असईला नेलं होतं. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांची फौज कुठे उभी होती, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने केळणा नदी कशी ओलांडली, हे सगळं त्यांनी भर उन्हात शिवारातून चालत दाखवलं. हाच वेलस्ली १८१४ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्यामुळे बर्मिंगहॅमजवळच्या एका बाजारात निळ्या मखमलीच्या पुठ्ठ्यावर शिवलेली सहा बटणं आणि खाली ‘वेलिंग्टन, सुमारे १८२०’ अशी चिठ्ठी दिसली, तेव्हा माझे पाय तिथेच थांबले.

या बटणांना लिव्हरी बटणं म्हणतात. बड्या घराण्यांतले दारावरचे, बग्गीवरचे आणि पंगतीला वाढणारे नोकर मालकाने ठरवलेला गणवेश घालत आणि त्याच्या प्रत्येक बटणावर मालकाचं कुलचिन्ह असे. आपल्याकडे पट्टेवाल्याच्या छातीवर पितळी बिल्ला असायचा, तसंच काहीसं. बहुतेक वेळा पूर्ण ढाल न घालता ढालीवरच्या शिरस्त्राणावर बसणारं छोटं चिन्ह, म्हणजे क्रेस्ट, तेवढंच घालत. माझ्या बटणांवर एका मुकुटातून कमरेपर्यंत वर आलेला, पंजे उगारलेला सिंह होता.

विक्रेता साठीचा, अदबशीर माणूस होता. मी जालन्याची, असई आमच्याच जिल्ह्यात, हे मीच बोलून गेले. त्यानंतर त्याने दुसरं काही दाखवलंच नाही. कुलचिन्हांच्या पुस्तकातलं एक झेरॉक्स पान त्याने पुढे केलं. वेलस्ली घराण्यापुढे लिहिलं होतं: ‘ड्यूकल कॉरोनेटमधून निघालेला अर्धा सिंह.’ त्यापुढची ओळ पानाच्या घडीखाली गेली होती. “ड्यूकल म्हणजे ड्यूकचा, आणखी काय पुरावा हवा?” असं तो म्हणाला. मलाही तेव्हा तसंच वाटलं. २२० चे १८० केले आणि मी पैसे दिले.

खरी मेख त्या ‘ड्यूकल’ शब्दातच आहे. कुलचिन्हांच्या भाषेत क्रेस्टच्या पायथ्याशी असलेल्या साध्या मुकुटाला ड्यूकल कॉरोनेट म्हणायची जुनी रीत आहे आणि ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी ड्यूक झाला नाही अशी घराणीही तो वापरतात. फरक पानांत असतो. ड्यूकच्या दर्जाच्या मुकुटाला स्ट्रॉबेरीची आठ पानं असतात. चित्रात त्यांपैकी पाच दिसतात, तीन पूर्ण आणि कडेची दोन अर्धी. क्रेस्टखालच्या साध्या मुकुटाला चित्रात तीनच दिसतात, मधलं पूर्ण आणि बाजूची दोन अर्धी. ड्यूकखालच्या दर्जांपैकी अर्लच्या मुकुटावर उंच टोकांवर बसवलेले पाच गोळे दिसतात, बॅरनच्या मुकुटावर चार. सरदाराच्या घरच्या बटणावर त्याच्या दर्जाचा मुकुट बहुधा क्रेस्टच्या वर, वेगळा असतो. माझ्या बटणांवर सिंहाच्या डोक्यावर काहीच नव्हतं आणि पायाशी तीन पानं होती. भिंगाखाली ती इतकी स्वच्छ दिसतात की विकत घेण्याआधीच बघायला हवी होती.

घडीखाली गेलेली ओळ मला महिनाभराने ग्रंथालयात सापडली. फेअरबेर्नच्या कुलचिन्हकोशाची १९०५ ची आवृत्ती दोन खंडांत आहे, एकात आडनावांच्या क्रमाने मजकूर आणि दुसऱ्यात चित्रं. वेलस्लींच्या सिंहाच्या पंजात सेंट जॉर्जच्या क्रॉसचं, टोकाशी दुभंगलेलं निशाण आहे. माझ्या सिंहाचे पंजे रिकामे होते. मुकुटातून निघालेला रिकाम्या पंजांचा सिंह त्या कोशात इतरही कितीतरी घराण्यांपुढे आहे. आपल्याकडे पाचपालवी हे देवक जसं अनेक कुळांत असतं आणि त्यावरून कुळ ओळखता येत नाही, तसंच हे आहे. नुसत्या क्रेस्टवरून नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ब्रीदवाक्य, दर्जाचा मुकुट, बटण कुठल्या वाड्यातून निघालं याची नोंद, यांतलं काहीतरी जोडीला लागतंच.

घरी येऊन मी मखमलीवरचे टाके उसवले. चार बटणांच्या मागे फर्मिन अँड सन्स या लंडनच्या जुन्या बटणवाल्यांचं नाव होतं आणि त्यापुढे ‘लिमिटेड’. इंग्लंडमध्ये कंपनीच्या नावापुढे हा शब्द लावायचा कायदा १८५५ चा आहे. वेलिंग्टन वारला १८५२ मध्ये. म्हणजे ‘सुमारे १८२०’ हे धादांत खोटं. उरलेल्या दोन बटणांची पाठ कडीभोवती कानसने घासलेली होती. ओरखडे ताजे, पितळ पिवळंधमक, आणि बाकीची पाठ काळसर तपकिरी. ते बघून मला रडू आलं, कारण घासणाऱ्याला ती अक्षरं काय सांगतात हे नीट ठाऊक होतं. बटणं पुठ्ठ्यावर शिवून ठेवायचं कारणही तेच, पाठ कोणी बघू नये.

परत करायला गेले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. पावतीवर फक्त ‘लिव्हरी बटणं, सिंह, ६ नग’ एवढंच होतं. वेलिंग्टनचं नाव होतं ते चिठ्ठीवर आणि चिठ्ठीवर ना सही, ना दुकानाचं नाव. इथल्या २०१५ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याकडून घेतलेला माल वर्णनाबरहुकूम नसेल तर ३० दिवसांच्या आत तो नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. माझे ३० दिवस ग्रंथालयात जायच्या आधीच उलटले होते. कायद्यात पुढचेही मार्ग आहेत, पण वर्णन सिद्ध करायला माझ्या हातात काही नव्हतं. “मी वेलिंग्टन असं कधीच म्हटलं नाही, तसं असू शकतं एवढंच म्हटलं,” असं तो शांतपणे म्हणाला. तेव्हा नाव आणि साल पावतीवर लिहून घ्या. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर तिथूनच मागे फिरा.

अण्णांना फोनवर खरं ते सांगितलं. त्यांनी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, “असईचं नाव घेऊन त्याने तुला फसवलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.”

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका गावच्या बाजारात तोच निळा पुठ्ठा दिसला. त्याच रिकाम्या पंजांच्या सिंहाची सहा बटणं, चिठ्ठीवर या वेळी वेगळ्याच ड्यूकचं नाव. एक तरुण जोडपं भाव विचारत होतं. मी पुढे होऊन त्यांना म्हटलं, आधी एका बटणाचे टाके उसवून पाठ दाखवायला सांगा. विक्रेत्याने माझ्याकडे बघितलं आणि पुठ्ठा उचलून टेबलाखालच्या खोक्यात ठेवला.