द सनसेट लिमिटेड: एक खोली, दोन माणसं आणि नुसतं बोलणं

नुसते बोलत बसणारे पिक्चर मला मनापासून आवडतात, पण त्यातले बरेचसे शेवटी माती खातात. दोघं तासभर भांडणार, मग एक रडणार, दुसरा जवळ घेणार, झालं. ‘द सनसेट लिमिटेड’ असलं काही करत नाही आणि म्हणूनच तो मला एवढा ग्रेट वाटतो.

२०११ ला एचबीओवर आलेला, ९१ मिनिटांचा. अमेरिकन लेखक कॉर्मॅक मॅकार्थीचं याच नावाचं नाटक आहे २००६ चं, पटकथा पण त्यानेच लिहिलीय. न्यूयॉर्कमधली एक कळकट खोली, दाराला कुलपंच कुलपं. एक प्रोफेसर सकाळी ट्रेनखाली जीव द्यायला निघालेला असतो, त्याला जेल भोगून आलेला आणि तिथेच येशूवर श्रद्धा बसलेला एक माणूस वाचवतो आणि घरी घेऊन येतो. इथून पुढे पूर्ण पिक्चरभर एवढंच की प्रोफेसरला जायचंय आणि हा त्याला जाऊ देत नाहीये.

वाचवणाऱ्याच्या भूमिकेत सॅम्युअल जॅक्सन इथे जबरदस्त आहे. त्याचा तो नेहमीचा दरारा आहेच, पण इथे तो सतत युक्त्या शोधतोय, कधी जेलमधली मारामारीची गोष्ट सांग, कधी कॉफी दे, कधी केळी, आंबा, काकवी घालून काहीतरी रांधून खायला घाल, आणि प्रोफेसर ते चवीने खातो तेव्हा आपल्यालाच आशा वाटायला लागते की आता थांबेल हा. प्रोफेसर झालेला टॉमी ली जोन्स (डायरेक्शन पण त्याचंच) बराच वेळ एकेका वाक्यात उत्तरं देऊन गप्प बसतो, आणि शेवटच्या टप्प्यात जे बोलायला लागतो ते ऐकताना खरंच श्वास अडकतो. इतका वेळ जो ऐकून घेत होता तोच जास्त ताकदीचा निघतो. स्पॉयलर नको म्हणून एवढंच सांगतो की लेखकाने श्रद्धेच्या बाजूने मुद्दाम माप टाकलेलं नाही, आणि ती बाजू दुबळीही केलेली नाही.

खटकलं ते पण सांगतो. पात्रांना नावंच नाहीत, ब्लॅक (जॅक्सन) आणि व्हाइट (प्रोफेसर) एवढंच, आणि त्याने मधेमधे माणसं कमी आणि मुद्दे जास्त वाटतात. प्रोफेसरचा बाप कॅन्सरने मरत होता आणि हा भेटायला गेला नाही, एवढी मोठी गोष्ट येते आणि तशीच सोडून दिली जाते, मला तिथे अजून हवं होतं. उलट ब्लॅकला स्वतःचं दुःख असं फारसं उरतच नाही, गोऱ्या माणसाला वाचवायला ठेवलेला भला काळा माणूस हा साचा हॉलिवूडमध्ये जुनाच आहे आणि इथेही तो पूर्ण मोडत नाही. मधली वीसेक मिनिटं बायबलवरची चर्चा गोल गोल फिरते. कॅमेरा पण कधीकधी उगाच जागा बदलतो, टेबलावरून सोफ्यावर, सोफ्यावरून परत टेबलावर, जणू नाटक वाटू नये म्हणून धडपड. अरे वाटू दे की नाटक! आपल्याकडे दोन पात्रांची नाटकं बघत वाढलेल्यांना त्याचं काहीच वाटणार नाही.

सबटायटल लावूनच बघा, जॅक्सनची बोली कानाला सवय नसेल तर अर्धी गंमत निसटते. आणि सध्या मन खूप खचलेलं असेल तर हा आत्ता बघू नका, विषय आत्महत्येचा आहे आणि तो कुठेही सौम्य करून सांगितलेला नाही.