टेनिस एल्बोसाठी फिजिओथेरपी: पुरापासून पाडव्यापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग तपशील. फिजिओथेरपीने माझा उजवा हात कामापुरता बरा झाला. पण ज्या मशीनसाठी पैसे मोजले त्यांचा त्यात वाटा थोडा. मोठा वाटा घरी टेबलावर हात ठेवून केलेल्या एका कंटाळवाण्या व्यायामाचा.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंचगंगेचं पाणी ओसरलं की नदीकाठच्या बुडालेल्या मोटरी ओळीने येऊन पडतात. जळकं वाइंडिंग छन्नीने कापायचं, पकडीने ओढून काढायचं, नवीन कॉइल भरून स्लॉटमध्ये बांबूच्या पट्ट्या ठोकायच्या, हे दिवसभर. गेल्या वर्षी या हंगामातच कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखायला लागलं. पाना आवळताना कळ यायची ते ठीक, पण गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास उचलताना हात सुटायला लागला तेव्हा दाखवायला गेलो.

टेनिसची रॅकेट मी आयुष्यात धरलेली नाही. सचिनला २००४ मध्ये हे दुखणं झालं आणि २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं, म्हणून नाव ठाऊक होतं एवढंच. प्रत्यक्षात हे दुखणं खेळाडूंपेक्षा सुतार, फिटर, गवंडी, स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायका यांनाच जास्त गाठतं, तेही साधारण पस्तिशी ते पंचावन्नच्या दरम्यान. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला जिथे चिकटतात, तिथली दोरी, म्हणजे टेंडन, झिजते. मूठ घट्ट आवळली की मनगट स्थिर ठेवायला हेच स्नायू ताणले जातात, म्हणून कळ पकड चालवताना येते, कोपर दुमडताना नाही. जुनं दुखणं ही सूज कमी आणि झीज जास्त असते. ही गोष्ट कळली की कुठला उपचार का चालतो, का चालत नाही, हे बरंच उलगडतं.

पहिल्या क्लिनिकचं नाव घेत नाही. तिथे पडदा ओढायचा, जेल लावून अल्ट्रासाउंड फिरवायचं, मग चार पॅड चिकटवून आयएफटीच्या, म्हणजे सौम्य विजेच्या, मुंग्या, की झालं. एका सिटिंगचे ३०० रुपये. बाहेर पडताना हात हलका वाटायचा, दुकानात पोचून दोन बोल्ट काढले की होता तिथेच. अल्ट्रासाउंडचा फायदा दाखवणारे पुरावे तसेही कमजोर आहेत. विजेच्या पॅडने कळ तात्पुरती दबते, झिजलेल्या दोरीला त्याचा उपयोग नाही. शॉकवेव्हचंही, म्हणजे दुखऱ्या जागी मशीनने लहरींचे ठोके द्यायचं, सुचवलं होतं. त्याचे अभ्यासातले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि दर बघून मी हात जोडले.

मग राजारामपुरीतल्या दुसऱ्या फिजिओ मॅडमकडे गेलो. त्यांनी मधलं बोट वर उचलायला सांगून वरून दाबलं, मान तपासली, आणि कामात हात कसा चालतो ते करून दाखवायला लावलं. तिथे प्रथम कुणीतरी पकड हातात घेऊन बघितली.

त्यांनी केलेली एक गोष्ट मला जादूच वाटली. न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांची पद्धत म्हणे. दंड एका हाताने धरायचा, दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग बाहेरच्या बाजूला सरकवून धरायचा आणि तेवढ्यात मी मूठ आवळायची. जी मूठ आवळताना डोळ्यांत पाणी यायचं ती तेव्हा जवळजवळ न दुखता आवळली जायची. परिणाम सुरुवातीला काही तासच टिकायचा, पण त्या काही तासांत व्यायाम करता यायचा, आणि खरं काम त्यानेच केलं.

व्यायाम असा. पहिले काही आठवडे फक्त तळहात खाली ठेवून मनगट वर ढकलायचं, दुसऱ्या हाताने अडवायचं, अर्धा-पाऊण मिनिट तसंच धरायचं. नंतर वजन. हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळहात जमिनीकडे. वजन दुसऱ्या हाताच्या मदतीने वर न्यायचं आणि दुखऱ्या हाताने सावकाश, तीन-चार सेकंद मोजत खाली सोडायचं. पंधरा वेळा, असे तीन फेरे. सुरुवात अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने. पुढे शेजारच्या लेथवाल्याने भंगारातल्या शाफ्टचा एक किलोचा तुकडा तासून दिला, वर म्हणाला, "भावा, आता तालमीतच जा की." बाजारात पिळायचा रबरी दांडाही मिळतो, तोही चांगला असं ऐकलंय. माझं लोखंडी तुकड्यावर भागलं.

दुखलं तर काय? मॅडमचा नियम सोपा होता: दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नको. वाढलं तर वजन कमी, व्यायाम बंद नाही. पहिला महिना फरक शून्य वाटला. दिवाळीच्या आसपास पाना धरताना हात आधीसारखा बिचकेना.

पट्ट्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. मेडिकलमध्ये मिळतो तो, वेल्क्रोचा. हाडावर नव्हे, त्याच्या दोन-तीन बोटं खाली मांसल भागावर बांधायचा. कामाच्या वेळी उपयोग होतो, रात्री काढायचा. जास्त आवळला तर बोटांना मुंग्या येतात. माझ्याकडे व्हार्निश आणि तेलाने वेल्क्रो दोन महिन्यांत मेला.

इंजेक्शनचं सांगणारे डझनभर भेटले. कोर्टिसोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आठवड्यात आराम पडतो, हे खरं. पण ऑस्ट्रेलियात १९८ रुग्णांवर झालेला, २००६ मध्ये छापून आलेला अभ्यास मॅडमनी सांगितला: सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांच्या पुढे, आणि त्यातल्या बरं वाटलेल्या ६५ पैकी ४७ जणांचं पुढे परत बिघडलं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र फिजिओवाले सहसा पुढे करत नाहीत. वर्षभरानंतर फिजिओथेरपी घेतलेले आणि नुसते सांभाळून थांबलेले जवळपास सारखेच बरे होते. मग पैसे कशाचे दिले? मधल्या महिन्यांचे. पगारी माणसाला थांबणं परवडत असेल. माझ्याकडे गुऱ्हाळांच्या मोटरी दारात उभ्या होत्या.

कामातले बदल फुकटात झाले आणि लागलीच उपयोगी पडले. पकडीच्या दांड्यावर जाड रबरी नळी चढवली, त्यामुळे मूठ कमी आवळावी लागते. जड वस्तू तळहात वर करून, कोपर अंगाशी ठेवून उचलायची. बेअरिंग हिसक्याने नाही, पुलरने. मोटारसायकलवर ॲक्सिलरेटर पिळताना मनगट मागे मोडायचं नाही. आपल्या रस्त्यांवर हे सांगणं सोपं, पण बऱ्याच अंशी जमलं.

आज गुढीपाडवा उलटून गेलाय. सलग दोन मोठ्या मोटरी उघडल्या तर संध्याकाळी ठणका येतो, सकाळी नसतो. शाफ्टचा तुकडा आठवड्यातून दोन-तीनदा चालू आहे. करंगळीला बधिरपणा, मानेपासून खाली येणारी कळ किंवा कोपर अडकणं असेल तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा, ते दुखणं वेगळं असू शकतं. बाकीच्यांनी फिजिओ निवडताना एवढंच बघावं: पहिल्या दोन-तीन सिटिंगमध्ये तुमचं काम काय हे विचारलं नाही आणि घरी करायला काही दिलं नाही, तर पुढचे ३०० रुपये खिशातच ठेवा.