दोन रिग, एक सेटअप आणि रेड बुलची दुसरी सीट: कॅनॉटमागच्या गेमिंग झोनचा रिव्ह्यू

आधी कामाचं सांगतो, नंतर भांडणाचं. संभाजीनगरात कॅनॉटच्या मागच्या गल्लीत, खाली झेरॉक्सवाला अन वर ट्यूशन अशा बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर हे गेमिंग झोन आहे. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण मालक भैय्या आता ओळखीचा झालाय अन खाली दोन-चार गोष्टी त्याला झोंबणाऱ्या आहेत. रेसिंगच्या रिग, म्हणजे स्टेअरिंग, पेडल, सीट अन स्क्रीनचा सेट, दोन, ताशी दीडशे रुपये, बुकिंग व्हॉट्सॲपवर. दोन्ही रिगचा रेट सेम आणि खरी भानगड तिथंच आहे.

एक नंबरची रिग म्हणजे राजेशाही थाट, डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे थेट मोटरवर बसवलेलं स्टेअरिंग, बकेट सीट, कर्व्ह स्क्रीन, आणि लोडसेल ब्रेक, म्हणजे पेडल किती खाली गेलं ते तो मोजत नाही, तुम्ही किती जोर लावला ते मोजतो, दोन लॅपमध्ये पायाला अंदाज बसतो. दोन नंबरला जुनं गिअरवालं स्टेअरिंग, फिरवलं की खडखड खडखड पिठाच्या गिरणीवानी, खुर्ची ऑफिसची तिच्या चाकाखाली विटेचे तुकडे लावलेले, अन पेडल एका फळीवर स्क्रू मारून बसवलेत. जोरात ब्रेक दाबला की ब्रेक राहतो बाजूला, फळीच पुढं सरकते.

आम्ही दोघं जातो, मी अन आमचा जालनेकर. दोघंही वाळूजला एकाच कंपनीत. तो माझ्यापेक्षा फास्ट आहे हे मी कबूल करतो, म्हणून एक नंबरवर कायम तो बसतो अन दोन नंबर माझ्या नशिबी. भैय्या पण त्याला बघितलं की आधी एक नंबरचा पीसी चालू करतो, विचारत सुद्धा नाही.

गेम एफ वन २५, फॉर्म्युला वनच्या कार रेसिंगचा, २०२५ च्या मे महिन्यात आलेला. त्यात माय टीम मोड लई भारी केलाय, तुम्ही टीमचे मालक, ड्रायव्हर दोन ठेवायचे, दर रेसला कोणत्या ड्रायव्हरनं खेळायचं ते तुम्ही ठरवायचं. पहिला ड्रायव्हर आम्ही पाच मिनिटात घेतला. दुसऱ्यावर पाऊण तास गेला, मीटर चालू असताना! जालनेकर म्हणतो पेस बघ, म्हणजे गेममध्ये ज्याचा स्पीडचा आकडा मोठा तो घे, बाकी सगळं झूट. मी म्हणलो लेका एक्सपिरियन्स अन अवेअरनेस, म्हणजे ठोकाठोकी टाळायचा आकडा, बघ, दुसरा माणूस पाचवा आला तरी चालतो पण दर रविवारी पाचवा आला पाहिजे. मग सुरू झालं रेड बुल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. रेड बुल ही एफ वनची टीम, प्रत्येक टीमच्या गाड्या दोन अन ड्रायव्हर दोन. २०१८ च्या शेवटी रिकार्डो रेड बुल सोडून गेला, तेव्हापासून त्यांचा एक नंबर मॅक्स व्हेरस्टॅपनच्या शेजारची सीट म्हणजे भाड्याची खोली झालीय. गॅसली २०१९ ला आला, १२ रेसमध्ये बाहेर. अल्बन आला, २०२० संपलं अन त्याचंही संपलं. पेरेझ चार सीझन टिकला, रेड बुलसाठी पाच रेस जिंकला, तो त्यातल्या त्यात खरा. मग २०२५ ला लॉसन, दोन रेस! दोनच! चीनला स्प्रिंट म्हणजे छोटी रेस आणि मेन रेस, दोन्हीच्या क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे स्टार्टचा नंबर ठरवायच्या फेरीत, शेवटचा आला अन जपानच्या आधी त्याला काढून सुनोडाला बसवलं. सीझन संपल्यावर सुनोडा पण रिझर्व्हला अन २०२६ साठी हॅजार. आपल्याकडं नाईटच्या ट्रॅव्हल्सला क्लीनर सुद्धा यापेक्षा जास्त टिकतो.

जालनेकरचं म्हणणं हे सगळे ड्रायव्हरच कच्चे. माझं म्हणणं पाचच्या पाच कच्चे कसे असतील राव? गॅसली तिथून निघाला अन २०२० ला मोंझाला रेस जिंकला, ती पण छोट्या टीममधून. लॉसन खाली रेड बुलच्याच छोट्या टीममध्ये गेला अन तिथं नीट पॉइंट घ्यायला लागला. अल्बन विल्यम्सला जाऊन त्या टीमचा कणा झालाय. म्हणजे माणूस तोच, गाडी बदलली की चालतोय.

आता आकडे बघा. २०२३ ला रेड बुलनं २२ पैकी २१ रेस मारल्या, मॅक्सचे ५७५ पॉइंट अन पेरेझचे २८५, अर्धेच, तरी पेरेझ चॅम्पियनशिपमध्ये दुसरा. तेव्हा कोणी बोललं नाही कारण गाडीच एवढी पुढं होती की फरक झाकून गेला. २०२४ ला गाडी अडखळली, मॅक्स ४३७ अन पेरेझ १५२, टीम तिसरी. २०२५ ला तर मॅक्स ४२१ अन रेड बुलमध्ये बसून सुनोडाचे ३०. टीमचे झाले ४५१ अन मर्सिडीजचे ४६९, दुसरा नंबर १८ पॉइंटनं गेला. आणि ड्रायव्हर चॅम्पियनशिप? मॅक्लारेनचा नॉरिस ४२३, मॅक्स ४२१. दोन पॉइंट! पूर्ण वर्षात एका, फक्त एका रेसला दुसरी रेड बुल नॉरिसच्या पुढं येऊन त्याला दुसऱ्याचा तिसरा करून गेली असती तर त्याला त्या रेसचे १८ च्या जागी १५ मिळाले असते अन मॅक्स पाचव्यांदा चॅम्पियन. शेवटच्या रेसला अबुधाबीला सुनोडानं नॉरिसला अडवायचा प्रयत्न केला पण नागमोडी गाडी चालवली म्हणून पाच सेकंदाची पेनल्टी खाऊन बसला. तिथंच २०२१ ला पेरेझनं मॅक्ससाठी हॅमिल्टनला कसं रोखलं होतं आठवा, टायर संपलेले असताना लॅपभर दम काढायला लावला. दुसरा ड्रायव्हर म्हणजे ते काम.

जालनेकर ऐकायला तयार नाही. मग मी म्हणलं चल, करूनच बघू. जपानचा सुझुका ट्रॅक लावला, त्याचा सेटअप, म्हणजे गाडीची सेटिंग, जशाचा तसा माझ्या रिगवर टाकला. त्याला पुढची बाजू एकदम टोकदार लागते, फ्रंट विंग चढवलेली, स्टेअरिंगला बोट लावलं की नाक आत, मागचं जरा सुटलं तरी तो हातानं पकडतो. मॅक्सची आवड हीच आहे म्हणतात, आणि अल्बननं तर सांगितलंय की ती गाडी म्हणजे गेममध्ये माऊसची सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर नेऊन ठेवल्यासारखी. मला हे वाक्य आधी कळलं नव्हतं, त्या दिवशी कळलं. पहिल्या एसेसच्या, म्हणजे नागमोडी, वळणात गाडी माझ्या हातातून अशी निसटली की मला स्क्रीनवर माझाच धूर दिसायलाय. परत निघालो, परत तेच. तिसऱ्या वेळी भ्यालो, स्टेअरिंग हळूच वळवायला लागलो, ब्रेक लवकर मारला, फळी सरकली ती सरकलीच. जालनेकरपेक्षा तीन सेकंद मागं. मग त्याला उठवलं, एक नंबरवर बसलो, माझा सेटअप टाकला, मागची बाजू शांत, पुढची थोडी आळशी. फरक आला सात दशांश सेकंदाचा. तोच मी, त्याच दिवशी, पोटात तेच दोन सामोसे.

कंपनीत पण हेच बघायलोय रोज. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, पहिल्या शिफ्टचा सेटर आपल्या हिशोबानं ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, टाकून जातो, त्याला माहीत असतं मशीन तापली की कुठं दोन मायक्रॉन द्यायचे, तो लिहून काही ठेवत नाही. दुसऱ्या शिफ्टचा पोरगा बसला की रिजेक्शन त्याच्या नावावर. साहेब म्हणणार पोरगं बदला. पोरं तीन बदलली, मशीन तीच अन ऑफसेट तेच.

जालनेकरचा एक मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. तो म्हणला दोघांनाही सारखं दिलं तर मॅक्लारेन २००७ होतं. त्यांचे दोघं, अलोन्सो १०९, हॅमिल्टन १०९, अन फेरारीचा रायकोनेन ११० करून कप घेऊन गेला. खरंय, दोन वाघ एका पिंजऱ्यात घातले की हे होणार. पण म्हणून एकाला कायम उरलेलं द्यायचं का? गेममध्ये आमच्या गाडीचा नवीन पार्ट तयार झाला तर गेम विचारतो कुणाला आधी देऊ, आम्ही दोघंही एकदम म्हणलो पहिल्याला, विचारच केला नाही, अन मग दोघं एकमेकांकडं बघून हसायलो. २०१० ला सिल्वरस्टोनला रेड बुलनंच हे केलं होतं, व्हेटेलचं नवीन विंग तुटलं म्हणून वेबरच्या गाडीचं काढून त्याला लावलं. वेबर जुन्या विंगवर रेस जिंकला अन रेडिओवर टोमणा मारला तो वेगळाच.

शेवटी आम्ही घेतला कार्लोस साइन्झ, पगार जरा जास्त पडला. माझं तर मत आहे रेड बुलनं खरोखर हेच करायला पाहिजे होतं २०२४ ला. फेरारीनं हॅमिल्टन घेतला, हा माणूस मोकळा झाला, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन सोळा दिवस झाले तर ऑस्ट्रेलियाची रेस जिंकला, मॅक्सबरोबर २०१५ ला एका टीममध्ये राहिलेला, म्हणजे त्याला बघून घाबरणारा नाही. आणि यांनी जूनमध्ये पेरेझचा करार वाढवला अन डिसेंबरमध्ये तोच मोडला. साइन्झ विल्यम्सला गेला, तिथं बाकूला अन कतारला पोडियम घेतले, म्हणजे पहिल्या तिघांत आला. हॅजार फास्ट आहे, २०२५ ला झँडव्होर्टला तिसरा आलाय, मला आवडतो, पण ऑस्ट्रेलियाला फॉर्मेशन लॅपलाच, म्हणजे रेस सुरू व्हायच्या आधीच्या फेरीला, भिंतीला लावून रडत चालत आलेलं पोरगं होतं ते त्याच वर्षी, त्याला वेळ देणार आहेत का तेवढं सांगा.

असो, झोनबद्दल. एसी चांगलाय. लाईट गेली की इन्व्हर्टरवर पीसी चालतात पण एसी बंद, मे महिन्यात जाऊ नका, दहा मिनिटात शर्ट पिळून घ्या. वीस मिनिटं लाईट नव्हती तर भैय्यानं मीटर चालूच ठेवलं होतं, भांडलो तेव्हा वेळ वाढवून दिली. संध्याकाळी मोबाईल गेमवाली पोरं इतकी आरडाओरड करतात की इंजिनचा आवाज येत नाही, म्हणून रविवारी सकाळी अकराच्या आधी जा. चहा खालून मागवता येतो, दहा रुपये, गोड जास्त. एक नंबरच्या रिगला पाचपैकी साडेचार. दोन नंबरला दीड, आणि बुक करताना स्पष्ट लिहा 'एक नंबरच पाहिजे', नाहीतर पैसे तेवढेच जाणार.

निघताना भैय्याला म्हणलं दोन नंबरची फळी तरी फिट कर ना यार, स्टेअरिंगचं बघू नंतर. तो काउंटरवरून मान वर न करता म्हणला, "दादा, दोन नंबरवर कोणी नीट चालवतच नाही, सगळे ठोकतात, तिच्यावर कशाला खर्च करू?" जालनेकर एवढा हसला की चहा सांडला त्याचा. मी एक फोटो काढून माप घेतलंय, कंपनीतून दोन एल अँगल अन चार बोल्ट घेऊन येतो पुढच्या रविवारी.